आई होण्याआधी (भाग ४) : पाळी चुकण्याच्या आधीची भेट

मागच्या भागात वजन आणि हिमोग्लोबिन पाहिलं. आज, ज्यांना आधीपासूनच एखादा आजार आहे त्यांच्याविषयी.

समजा, पुण्यात बिबवेवाडीच्या अप्पर भागात राहणारी एकतीस वर्षांची एक बाई. शुगर आणि बीपीच्या गोळ्या दोन वर्षांपासून चालू. घरात ठरलं, आता चान्स घ्यायचा. पाळी चुकली, आठवडाभर वाट पाहून तिनं घरीच चाचणी केली आणि पुढच्या महिन्यात दवाखान्यात नाव घातलं. सगळं रीतीप्रमाणे झालं, तरी उशीर झाला.

कारण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. हृदयाची घडणही त्याच सुमारास होते. या दिवसांत आईची शुगर चढलेली असेल, तर बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. पुढे सोनोग्राफीत व्यंग दिसू शकतं, पण ते घडणीचे दिवस परत येत नाहीत.

म्हणून आधी एचबीएवनसी तपासा. तीन महिन्यांतल्या शुगरचा अंदाज त्यावरून येतो. हा आकडा ६.५ टक्क्यांच्या खाली आणता आला तर उत्तम. १०च्या वर असेल तर थांबा आणि तोवर गर्भनिरोधक वापरा. डोळ्यांचा पडदा आणि किडनीही तपासून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड एरवी रोज ४०० मायक्रोग्रॅम लागतं. मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर डॉक्टर बहुधा जास्त मात्रा देतात.

आता गोळ्या. बीपीच्या रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. त्यांच्या जागी लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन देता येतं. फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट बाळासाठी सर्वांत जोखमीचं, पण ते स्वतःहून बंद करणं त्याहून वाईट. मोठी फिट आली तर दोन्ही जिवांना धोका. थायरॉइड कमी असल्याची गोळी तर सोडायचीच नाही. दिवस राहिल्यावर तिचा डोस बहुधा वाढवावाच लागतो. लहानपणी सांधेतापाचा त्रास झालेला असेल, तर हृदयाच्या झडपांसाठी टू-डी इको करून घ्या.

हे फक्त शहरातल्या सुखवस्तू घरांपुरतं आहे, असं समजू नका. २०१८पासून नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर आणि पेठ तालुक्यांत गर्भधारणेपूर्व काळजीचा उपक्रम राबवला गेला. त्याच्या अभ्यासात पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग होता. मूल हवं असलेल्या बायकांना आशाताईंनी आधीच गाठायचं, अशी त्याची रीत. पेठसारख्या आदिवासी तालुक्यात जे करून पाहिलं गेलं, ते सातारा रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्याला अवघड नाही. कामगार विम्याचं कार्ड असेल, तर बिबवेवाडीतच कामगार विमा रुग्णालय आहे.

आजार आहे म्हणून आईपण नाकारू नका आणि त्याची लाज बाळगून तो सासरी लपवूही नका. चान्स घ्यायचं ठरवाल, त्याच्या किमान तीन महिने आधी जुनी फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि नवरा-बायको दोघंही डॉक्टरांकडे जा.