सशाचे कान आणि कमरेची गादी

१९५६ साली अमेरिकी डॉक्टर लुईस थॉमस यांनी सशांना पपेन, म्हणजे पपईच्या चिकातलं विकर, टोचलं. थोड्याच वेळात सशांचे ताठ कान खाली लोंबू लागले. कानातली कूर्चा मऊ पडली होती. काही दिवसांत कान पुन्हा ताठ झाले, पण या प्रयोगावरून पुढे लायमन स्मिथ या अस्थिशल्यविशारदाला एक कल्पना सुचली. मणक्यांमधली निसटलेली गादीही अशीच विरघळवता आली तर?

१९६०च्या दशकात त्यांनी पपईतलंच दुसरं विकर, कायमोपपेन, सुईने थेट रुग्णांच्या गादीत सोडलं. कापाकापी न करता सायटिका, म्हणजे कमरेतून पायात जाणारी कळ, बरा करण्याचा हा पहिला मोठा प्रयोग. १९८२मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, मग काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, मोजक्यांचे पाय लुळे पडले आणि औषध मागे पडलं. जपानने २०१८मध्ये जिवाणूपासून बनवलेलं वेगळं विकर याच कामासाठी मंजूर केलं आहे.

‘गादी सरकली’ असं आपण म्हणतो खरं, पण ती जागची हलत नाही. तिचं बाहेरचं चिवट कडं चिरतं आणि आतला गर बाहेर येऊन नसेला भिडतो. हे बहुधा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत घडतं. नुसता दाबच नाही, तर त्या गरामुळे नसेभोवती येणारी सूजही कळ पायापर्यंत नेते.

बॉस्टनच्या मिक्सटर आणि बार यांनी १९३४मध्ये हे कारण मांडलं, तेव्हा उपाय म्हणजे पाठ चांगलीच उघडणं. १९७७मध्ये यासारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शक वापरून छेद आखडता घेतला. १९९७मध्ये फोली आणि स्मिथ (हे वरचे लायमन नव्हेत) यांनी स्नायू न कापता नुसते फाकवून आत नळी सरकवण्याची रीत मांडली. आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सेंटिमीटरभराचं भोक पुरतं. बाजूने शिरायचं असेल तर अनेकदा जागेवरचीच भूल देतात. रुग्ण जागा असतो आणि नसेला धक्का लागला तर ‘पायात कळ गेली’ असं स्वतःच सांगतो!

छेद लहान, म्हणून गुण जास्त? तसं दिसत नाही. नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर झालेल्या, २००९च्या अभ्यासात नळीची पद्धत नेहमीच्या सूक्ष्मशस्त्रक्रियेहून सरस ठरली नाही. तिथल्याच २०२२च्या ६१३ रुग्णांच्या अभ्यासात दुर्बीण मागे पडली नाही, पायदुखीत किंचित पुढेच राहिली. जाहिरातींतला थाट मात्र याहून बराच मोठा असतो.

खरा प्रश्न शस्त्रक्रिया हवी का, हाच. २००७च्या आणखी एका डच अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं लवकर थांबलं, पण वर्षअखेर ते आणि थांबून पाहिलेले, अशा दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र शेवटी टेबलावर जावंच लागलं. बाहेर आलेला गर शरीरातल्या पेशी बऱ्याचदा स्वतःच खाऊन टाकतात, म्हणून पहिले सहा आठवडे गोळ्या, व्यायाम आणि झेपेल तेवढं चालणं. अंथरूण धरून पडणं आता सहसा सांगत नाहीत. एमआरआयच्या अहवालानेही लगेच घाबरू नये. १९९४मध्ये पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर सगळ्या गाद्या ठीक असलेले निघाले फक्त ३६ टक्के.

थांबून पाहण्याला अपवाद एकच, पण कडक. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल झपाट्याने लुळं पडू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तिथे नस मोकळी करण्याची घाई असते, आणि गरज पडली तर सर्जन मोठा छेदही घेतात.