डब्यातलं पाखरू, उसातली माशी

मैत्रिणींनो, पावसाळा सुरू झाला की तांदळाचा डबा उघडताना हात जरा कचरतो की नाही? वरच्या थराला जाळी धरलेली, दाणे एकमेकांना चिकटलेले, आणि झाकण काढताच तोंडासमोरून भुर्रकन उडणारं ते राखाडी पाखरू! मग उन्हाची वाट बघा, चाळण्या काढा, कडुनिंबाचा पाला घाला... परवा माझ्या धाकट्या जाऊबाईंनी असाच डबा परातीत उपडा केला आणि कपाळाला हात लावला. मला मात्र हसू आलं. कारण याच पाखराला मी पाच वर्षं पाळलंय. नुसतं पाळलं नाही, त्याचा पगार घेतलाय!

माझं सासर करवीर तालुक्यातलं. पंचगंगेकाठची काळी जमीन, दारात दोन म्हशी आणि नजर जाईल तिथवर ऊस. मी बी.एस्सी. झालेली, विषय प्राणिशास्त्र. १९९९ साली एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. घरी सांगितलं, "किडे वाढवायचं काम आहे." आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "घरातलं मारून मारून दमलो की गं मी! आणि तुला पैसं देऊन वाढवाय लावत्यात?"

तर हे काम काय होतं ते सांगते. ज्वारीचा भरडा करायचा, तो तापवून घ्यायचा म्हणजे त्यात आधीचे किडे-अंडी राहत नाहीत. त्यात थोडं शेंगदाण्याचं कूट, थोडं यीस्ट. पसरट खोक्यांत हे भरून वर त्या पाखराची अंडी पेरायची आणि कापड बांधून ठेवायचं. साधारण चाळीस दिवसांनी पाखरं बाहेर पडू लागतात. शास्त्रीय नाव कॉर्सिरा. रोज सकाळी ती काचेच्या नळीत पकडून जाळीच्या तळाच्या डब्यात सोडायची. ती अंडी घालतात, अंडी जाळीतून खाली पडतात. ती चाळून, पाखडून स्वच्छ करायची. (इथं कोणाला प्रशिक्षण लागलं नाही. सूप आणि चाळण आम्हा बायकांच्या हातात जन्मापासून!) पंखांची पावडर मात्र नाकातोंडात जायची. आमच्यातल्या दोघींना त्याचा एवढा खोकला लागला की पुढं मास्क सक्तीचे झाले. त्याआधी आम्ही पदरावरच भागवत होतो.

ही अंडी डिंक लावलेल्या कार्डावर चिकटवायची. मग कार्डं अतिनील दिव्याखाली ठेवायची, म्हणजे अंड्यातला जीव मरतो, पण अंडं शाबूत राहतं. आणि मग येते आपली खरी नायिका, ट्रायकोग्रामा. ही गांधीलमाशीच्या गोतातली. पण आकार एक मिलिमीटरहून कमी. या ओळीच्या शेवटच्या टिंबाएवढी म्हणा ना. माणसाला चावत नाही, डसत नाही. ती एवढंच करते, की दुसऱ्या किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आतला ऐवज खातं आणि अंड्यातून अळीच्या जागी आणखी एक माशी बाहेर येते. तीन-चार दिवसांत कार्डावरची अंडी काळी पडली की आम्ही खूश. काम फत्ते!

एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी. कार्डाच्या पट्ट्या कापून उसाच्या पानाखाली टाचायच्या, एकरी दोन-तीन कार्डं, दहा-पंधरा दिवसांनी परत. माश्या बाहेर पडून खोडकिडीच्या, कांडीकिडीच्या पतंगांनी घातलेली अंडी शोधतात. पोंगा मरण्याआधी, कांडी पोखरण्याआधीच विषय संपला. फवारा अळीला मारतो, तोवर ती आत शिरलेली असते. ही माशी अळीला जन्मूच देत नाही. मला हे फार आवडायचं. घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटायची, आणि सगळे जेवता जेवता "हूं, हूं" करायचे.

आणि मग २००२ साल आलं.

त्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर काहीतरी पांढरं दिसू लागल्याची बातमी आली. बघता बघता ते आमच्याकडं आलं, सातारा-सोलापूर-पुण्याकडं गेलं, सीमेपलीकडं उत्तर कर्नाटकातही पोचलं. लोकरी मावा! पान उलटं केलं की खालून कापूस पिंजून चिकटवल्यासारखं. त्या लोकरीखाली इवलेसे जीव पानातला रस शोषत बसलेले. त्यांच्या अंगातून गोड चिकटा गळायचा, खालच्या पानांवर पडायचा, त्यावर काळी बुरशी चढायची. वरून पांढरा, खालून काळा असा ऊस मी त्याआधी कधी बघितला नव्हता. पाला काढायला गेलेल्या बायका घरी यायच्या त्या केसांत, भुवयांत लोकर घेऊनच.

प्रयोगशाळेच्या दारात शेतकऱ्यांची रांग लागली. "बाई, तुमची ती माशीची कार्डं द्या की." आणि मला सांगावं लागायचं, "दादा, याला ती चालत नाही." का नाही? तर ट्रायकोग्रामाला लागतं पतंगाचं अंडं. हा मावा आपल्याकडं उसावर अंडी घालतच नाही. माद्या थेट पिल्लं देतात, त्याही नराशिवाय, आणि त्या पिल्लांना काही दिवसांत पुन्हा पिल्लं. तीन वर्षं ज्या माशीचं मी गुणगान गायलं, ती अशा वेळी कामाची नाही हे तोंडानं सांगताना लाज वाटायची. एक आजोबा म्हणाले, "मग बाई, ही कारभारणी फक्त आपल्याच वळखीच्या घरात शिरती म्हणा की." अगदी बरोबर बोलले ते. अशा माश्यांचं बळ त्यातच आहे आणि मर्यादाही त्यातच.

आमच्याही रानात मावा आला. भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पंप घेऊन उतरले. आता ऊस म्हणजे काय भाजीचा वाफा आहे? डोक्याच्या वर गेलेलं पीक. पान वर, माणूस खाली, फवारा अंगावर. पहिल्याच दिवशी संध्याकाळी भावजी गरगरायला लागले. रात्रभर उलट्या. गावातल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, दोन दिवसांनी माणूस उठून बसला. त्या वर्षी फवाऱ्याबरोबर फोरेटचे दाणेही पोत्यांनी उचलले जात होते. हेच फोरेट फार विषारी म्हणून २०२० च्या अखेरीस देशात बंद झालं, पण तेव्हा ते सरीत मुठीनं टाकलं जायचं.

आत्याबाईंनी मात्र दुसराच प्रश्न काढला. "फवारल्यालं वाडं म्हशीनं खायाचं कसं?"

शहरातल्या मैत्रिणींसाठी सांगते. उसाचा हिरवा पाला आणि तोडणीच्या वेळचा शेंडा, म्हणजे वाडं, हा आमच्या म्हशींचा मुख्य चारा. उसाचं बिल मामंजींच्या नावावर जमा व्हायचं, ते सोसायटीच्या कर्जात वळतं होऊन उरलं तर घरी यायचं. दुधाचं बिल मात्र आत्याबाईंच्या नावावर, दर दहा दिवसांनी. वह्या-पुस्तकं, औषधपाणी, लेकीची चोळी-बांगडी, सगळं त्यातनं. म्हणजे रानात फवारणी करायची की नाही, हा प्रश्न पुरुषांनी रानात सोडवला तरी त्याचा हिशेब गोठ्यात होणार होता.

घरात मोठं भांडण झालं. शेवटी आत्याबाईंनी निकाल लावला, "विहिरीकडचं दहा गुंठं माझं. त्यात पंप घालायचा न्हाई. वाळलं तर वाळू दे, मी बघतो." (आमच्याकडच्या बायका "मी बघते" म्हणत नाहीत, "मी बघतो" म्हणतात. आणि आत्याबाई तसं म्हणाल्या की खरंच बघतात!)

खरं सांगू? माझीही छाती धडधडत होती. मला पुस्तकातलं माहीत होतं, पण दहा गुंठ्यांचा ऊस गेला असता तर बोल मलाच लागला असता.

महिन्याभरात एके दिवशी आत्याबाई पान घेऊनच घरी आल्या. लोकरीच्या खाली बारीक जाळं, त्यात एक अळी. "ही बघ, आता दुसरी कीड लागली." भावजींनी लगेच पंपाकडं बघितलं. मी पान उजेडात धरलं. आमच्याकडं नुकतीच माहितीपत्रकं आली होती, त्यातल्या चित्रासारखीच ही. डिफा! एका पतंगाची अळी, पण ऊस न खाता मावा खाणारी. त्या वेळी कितीतरी शेतकऱ्यांनी हिला कीड समजून विष मारलं असेल. शास्त्रज्ञांचा सल्ला होता की हेक्टरी हजार अळ्या किंवा कोष सोडा. मायक्रोमस नावाचा दुसरा मित्रकीटक सोडायचा तर अळ्या अडीच हजार. पण प्रयोगशाळा इतक्या पुरवणार कुठून? मग साधी युक्ती सांगितली गेली. जिथं डिफा आहे तिथली पानं कापायची आणि दुसऱ्याच्या रानातल्या मावा असलेल्या पानांना टाचायची. विरजण लावतो ना आपण, तसं! आत्याबाईंच्या दहा गुंठ्यांतून विरजण मागायला बायका यायला लागल्या. त्या तोऱ्यात द्यायच्या, आणि वर बजावायच्या, "पंप घालनार असशील तर न्हाई देनार."

त्या वर्षी त्या तुकड्यात टनेज घटलं, ते लपवत नाही. मामंजी पुढं कितीतरी दिवस ते ऐकवत होते. फवारलेल्या रानातही घटलंच होतं, त्याचा मात्र विषय निघायचा नाही.

माझ्या आवडत्या माशीच्या गोतातली दुसरी एक माशी नंतर आली. हा मावा ईशान्य भारतात आधीपासून होता. तिथं त्याला आवरणारे त्याचे वैरीही होते. तो इकडं आला तेव्हा वैरी मागं राहिले, म्हणून तर एवढा माजला. बंगळूरच्या जैविक नियंत्रण संचालनालयानं आसामकडून एन्कार्सिया ही परोपजीवी माशी आणली आणि ती महाराष्ट्र-कर्नाटकात उसात सोडली गेली. ही अंड्याची वाट बघत नाही, थेट माव्याच्या अंगातच अंडं घालते. आतून पोखरलेल्या माव्याचं टरफल उरतं आणि त्याला एक गोल भोक. भिंगातून ते भोक पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी प्रयोगशाळेत मोठ्यानं ओरडले होते! पुढच्या काही वर्षांत ती इकडं अशी रुळली की माव्याचा तो धुमाकूळ पुन्हा दिसला नाही. कुठं कुठं मावा अजून येतो, पण त्याच्या मागोमाग माशीही येते. २०१० मध्ये पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठीही असंच झालं. प्वेर्तो रिकोहून एक इवलीशी माशी आणली गेली आणि पपईच्या बागा वाचल्या.

परवा डब्याचा हा किस्सा सांगत होते, तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मग आमच्या दोडक्यातल्या अळ्यांना द्या की तुमचं कार्ड." पुन्हा तेच उत्तर, नाही चालत. दोडक्या-कारल्यात, आंब्यात अळ्या होतात त्या फळमाशीच्या, आणि तिची अंडी सालीखाली असतात. हवाई बेटांवर १९४० च्या दशकात फळमाशीनं असाच उच्छाद मांडला, तेव्हा तिथं आशियातून एक परोपजीवी माशी नेली गेली. ती फळाच्या सालीत आपली लांब सुई खुपसून आतल्या अंड्यात अंडं घालते. फळमाशीची अळी नेहमीसारखी वाढते, मातीत कोष करते, आणि कोषातून बाहेर येते ती ही दुसरीच! १९५० पर्यंत तिनं तिथं चांगला जम बसवला. आपल्या परसात मात्र सापळाच लावायचा. दोडक्या-कारल्याला क्यूल्युअरचा, आंब्याला मिथाइल युजेनॉलचा. आणि किडलेली फळं वेलाखाली तशीच टाकायची नाहीत, खोल पुरायची. वहिनींनी दोन सापळे आणलेत. किती माश्या पडल्या ते रोज कुंपणावरून ओरडून सांगतात.

मी २००४ मध्ये ती नोकरी सोडली, पण खोडकिडीसाठी ट्रायकोकार्डं आमच्या रानात अजून लागतात. आत्याबाई आता ऐंशीच्या पुढं गेल्यात, रानात जाणं होत नाही. म्हणून कार्ड आणलं की त्याचा एक कोपरा कापून त्यांना पारदर्शक बरणीत घालून देते. नातवाचं भिंग घेऊन त्या सोप्यात बसतात. काल सकाळी सात वाजता हाक आली, "अगं ये की बाहेर, निघाय लागल्यात! बरणी रानात घिऊन चल लवकर, हितं काय खात्याल ती?"