जर्नल : प्रयोगवहीतले आणि संशोधनातले

'जर्नल' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी रूढ आहे. अकरावी-बारावीचा विद्यार्थी 'जर्नल सर्टिफाय करायचे राहिले आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे प्रयोगवही असते. संशोधक 'जर्नलमध्ये पेपर आला' असे म्हणतो, तेव्हा त्याला शोधनिबंध छापणारे नियतकालिक अभिप्रेत असते. या दोन्हींत वरवर पाहता काहीच साम्य नाही. पण दोन्हींचा पाया एकच आहे. जे मोजले ते, जसे मोजले तसे लिहायचे. हा नियम मोडला की काय होते, ते उघडकीस कसे येते आणि याचा शाळेतल्या प्रयोगवहीशी काय संबंध, हे या लेखात पाहू.

निबंध छापला कसा जातो?

लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. तोवर संशोधक आपले शोध परस्परांना पत्राने कळवत किंवा ग्रंथरूपाने प्रसिद्ध करत. नियतकालिकामुळे शोधाला तारीख मिळाली आणि तो सर्वांना तपासण्यासाठी खुला झाला.

आज निबंध संपादकाकडे गेला की तो त्याच विषयातल्या दोन-तीन तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी पाठवला जातो. बहुधा त्यांची नावे लेखकाला कळत नाहीत आणि या कामाचे त्यांना सहसा मानधनही मिळत नाही. पद्धत योग्य आहे का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो का, पूर्वीच्या कामाची दखल घेतली आहे का, हे परीक्षक पाहतात. त्यांच्या शेऱ्यांनुसार निबंध सुधारला जातो किंवा नाकारला जातो.

एक गोष्ट मात्र परीक्षक करत नाही. तो प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. तेवढा वेळ, तेवढी उपकरणे त्याच्याकडे नसतात. निबंधात दिलेले आकडे खरोखर मोजलेले आहेत, हे तो गृहीत धरून चालतो. परीक्षणात चुकीचे तर्क सापडतात, अपुरे पुरावे सापडतात. पण खोटे बोलणारा माणूस सापडेलच असे नाही. आम्हा संशोधकांचा सारा व्यवहार या विश्वासावर चालतो.

अनियमिततेची सही

बेल लॅबोरेटरीज ही अमेरिकेतील नामांकित प्रयोगशाळा. ट्रान्झिस्टरचा जन्म तिथलाच. तिथे यान हेंड्रिक श्यॉन नावाचा तरुण जर्मन पदार्थवैज्ञानिक काम करत होता. २००० आणि २००१ या दोन वर्षांत त्याने निबंधांचा सपाटा लावला. ज्या कार्बनी स्फटिकांतून वीज जेमतेम वाहते, त्यांतून अतिसंवाहकता मिळवल्याचे आणि रेणूंच्या एका थरापासून ट्रान्झिस्टर बनवल्याचे दावे त्यांत होते. 'नेचर' आणि 'सायन्स' या सर्वांत प्रतिष्ठित नियतकालिकांनी ते छापले. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी हे प्रयोग करून पाहायला घेतले. कोणालाच ते साधेनात. श्यॉनचे हात विलक्षण असावेत, अशी समजूत काही काळ करून घेतली गेली.

पुढे काय घडले हे समजण्यासाठी शाळेतला एक प्रयोग आठवू. एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलनांसाठी सुमारे ४०.१ सेकंद लागतात. पाच विद्यार्थ्यांनी हा वेळ मोजला तर ४०.३, ३९.९, ४०.२, ४०.०, ४०.४ असे काहीसे आकडे येतील. घड्याळाची कळ दाबायला कोणाला क्षणभर उशीर होतो, कोणी घाई करतो. प्रत्येक मापनात अशी लहानशी अनियमितता असतेच. ती कितीही कमी केली तरी पूर्णपणे जात नाही, आणि महत्त्वाचे म्हणजे ती दुसऱ्या वेळी तशीच्या तशी येत नाही. ती जणू त्या त्या मापनाची सही असते.

२००२ सालच्या वसंत ऋतूत काही भौतिकशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की श्यॉनच्या वेगवेगळ्या निबंधांत, वेगवेगळ्या उपकरणांवर घेतलेले म्हणून छापलेले आलेख अनियमिततेसकट एकसारखे आहेत. मुख्य वक्ररेषा सारख्या असत्या तर एक वेळ योगायोग म्हणता आला असता. पण रेषेवरची प्रत्येक बारीक थरथरही जुळत होती. दोन माणसांच्या बोटांचे ठसे एकच निघावेत, तसाच हा प्रकार.

बेल लॅबोरेटरीजने स्टॅनफर्ड विद्यापीठाचे माल्कम बीझली यांच्या अध्यक्षतेखाली बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने २४ आरोप तपासले आणि सप्टेंबर २००२ मध्ये अहवाल दिला. १६ आरोपांत गैरवर्तन सिद्ध झाले होते. प्रयोगाचे म्हणून दाखवलेले काही बिंदू गणिती सूत्रांवरून काढलेले होते. समितीने मूळ नोंदी मागितल्या तेव्हा असे दिसले की नीट ठेवलेली प्रयोगवहीच नव्हती, संगणकावरील मूळ आकडेवारी बव्हंशी पुसून टाकलेली होती आणि वापरलेले नमुने खराब झाले होते किंवा हरवले होते.

श्यॉनला त्याच दिवसांत कामावरून काढण्यात आले. 'सायन्स'मधील आठ आणि 'नेचर'मधील सात निबंध मागे घेण्यात आले. २००४ साली जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठाने त्याची डॉक्टरेट परत घेतली. प्रबंधात लबाडी आढळली नव्हती, तरीही पुढील वर्तनामुळे तो या पदवीला अपात्र ठरतो, अशी विद्यापीठाची भूमिका होती. न्यायालयात बराच काळ लढा चालला, पण अखेर विद्यापीठाचा निर्णय कायम राहिला.

सहलेखक गैरवर्तनाच्या आरोपातून मुक्त झाले. पण एक प्रश्न उरलाच. निबंधावर नाव घालणाऱ्याने मूळ आकडे एकदा तरी पाहायला नकोत का? ज्या तरुण विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षे हे अशक्य प्रयोग करून पाहण्यात गेली, त्यांचे नुकसान तर कोणत्याच अहवालाने भरून निघाले नाही.

हिमालयातले जीवाश्म

असे परदेशातच घडते, असा समज नको. चंदीगढच्या पंजाब विद्यापीठातील भूवैज्ञानिक विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातील जीवाश्मांवर अनेक वर्षे शेकडो निबंध लिहिले. त्यांत देशोदेशींचे सहलेखक होते. १९८९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये लेख लिहून दाखवून दिले की यांतले अनेक जीवाश्म हिमालयातले असणे शक्य नाही. काही नमुने मोरोक्कोत मिळणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या जीवाश्मांशी तंतोतंत जुळत होते.

इथेही परीक्षण कुठे थांबते ते दिसते. जीवाश्म कोणत्या प्राण्याचा, हे तज्ज्ञ पाहताच सांगेल. तो कोणत्या टेकडीवर, कोणत्या थरात सापडला, हे मात्र गोळा करणाऱ्याच्या शब्दावरच मानावे लागते. खडकांची वये आणि थरांचा क्रम अशा नोंदींवरून ठरवला जातो. एक नोंद खोटी निघाली की तिच्यावर रचलेले पुढचे सगळे पुन्हा तपासावे लागते. एखाद्याने भिंतीत कच्ची वीट घालावी आणि नंतर ती नेमकी कोणती हे कळू नये, तशी अवस्था होते.

न जुळलेला आकडा

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहू. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन काढून मिळवलेला नायट्रोजन आणि अमोनियाच्या साहाय्याने मिळवलेला नायट्रोजन यांच्या घनतांत हजारात एक भाग एवढा फरक येत होता. एवढासा फरक प्रयोगातली चूक म्हणून सोडून देता आला असता, किंवा हवा तो आकडा ठेवून दुसरा गाळता आला असता. रॅले यांनी १८९२ साली 'नेचर'ला पत्र लिहून ही विसंगती जाहीर केली आणि कारण सुचवण्याची विनंती वाचकांना केली. पुढे पूर्णपणे रासायनिक संयुगांतून नायट्रोजन मिळवला तेव्हा फरक कमी होण्याऐवजी वाढला. तो २०० भागांत एक झाला.

विल्यम रॅम्से यांच्यासह केलेल्या कामातून याचे उत्तर मिळाले. हवेतल्या 'नायट्रोजन'मध्ये तोवर अज्ञात असलेला एक वायू मिसळलेला होता. तोच अर्गॉन. विद्यार्थ्यांना हा हिशेब स्वतः करता येईल. हवेतून ऑक्सिजन काढल्यावर उरणाऱ्या वायूत सुमारे १.२ टक्के अर्गॉन असतो. नायट्रोजनचा रेणुभार २८ आणि अर्गॉनचा अणुभार ४०. म्हणजे घनतेतली वाढ १.२ × १२/२८, सुमारे ०.५ टक्का. नेमका २०० भागांत एक! १९०४ साली रॅले यांना भौतिकीचे आणि रॅम्से यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

श्यॉनचे आकडे अपेक्षेप्रमाणे सुरेख जुळत होते आणि त्यांतून काहीच हाती लागले नाही. रॅले यांचा आकडा जुळत नव्हता आणि त्यातून एक मूलद्रव्य मिळाले.

नियम आणि त्यांच्या मर्यादा

संशोधनातील गैरवर्तनाचे तीन मुख्य प्रकार मानले जातात. न केलेल्या प्रयोगाचे आकडे रचणे, केलेल्या प्रयोगाचे आकडे किंवा छायाचित्रे बदलणे, आणि दुसऱ्याचे लेखन वा कल्पना आपली म्हणून देणे, म्हणजे वाङ्मयचौर्य. संपादकांना अशा प्रकरणांत मार्गदर्शन मिळावे म्हणून १९९७ साली ब्रिटनमध्ये प्रकाशनातील नीतिमत्तेसाठी एक समिती स्थापन झाली. 'कोप' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. साम्य १० टक्क्यांपेक्षा किती जास्त आहे, यावर त्यात शिक्षेच्या पायऱ्या ठरवल्या आहेत.

हे नियम हवेतच. पण साम्य शोधणारी संगणकप्रणाली उचललेली वाक्ये पकडते. रचलेले आकडे पकडत नाही. स्वतःच्या सुंदर भाषेत लिहिलेले खोटे तिच्या चाळणीतून सहज निसटते. त्यावर उपाय जुनाच आहे. मूळ नोंदी जपून ठेवायच्या, मागितल्या की दाखवायच्या आणि इतरांना प्रयोग पुन्हा करता येईल इतक्या तपशिलाने लिहायच्या.

निबंध मागे घेतला गेला की तो विज्ञानाचा पराभव वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. प्रामाणिक चूक झाल्यावर लेखकाने स्वतःहून निबंध मागे घेणे हे तर सन्मानाचेच लक्षण आहे. चूक छापली जाते हा खरा धोका नव्हे. छापलेली चूक तशीच राहते, हा धोका आहे.

वर्गात काय करता येईल?

आता पुन्हा प्रयोगवहीकडे वळू. गुरुत्वत्वरण ९८० यायला हवे हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. मग तो सूत्रात ९८० घालून उलटा हिशेब करतो, त्यातून आंदोलनाचा वेळ काढतो आणि तो निरीक्षणांच्या कोष्टकात भरतो. याला आपण फार गंभीर मानत नाही. पण बीझली समितीला आढळलेला एक प्रकार नेमका हाच होता : मोजमापाच्या जागी सूत्रातून काढलेले बिंदू. फरक फक्त प्रमाणाचा.

विद्यार्थ्याला दोष देण्याआधी त्याला गुण कशाचे मिळतात ते पाहावे लागेल. उत्तर जुळल्याचे गुण असतील, तर तो उत्तर जुळवेल. म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. निरीक्षणे थेट वहीत, शाईने आणि तारखेसह लिहू द्यावीत. चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता एका रेघेने खोडावा, म्हणजे तो वाचता येईल. उपकरणाचे लघुतम माप लिहिलेले असावे. उत्तर ९५० आले आणि विद्यार्थ्याने 'लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता दोरा संपतो तिथवरच मोजली' असे कारण शोधले, तर त्याला ९८० लिहिणाऱ्यापेक्षा जास्त गुण मिळावेत.

एक खेळही घेता येईल. अर्ध्या वर्गाने घरी नाणे खरोखर १०० वेळा उडवून छापा-काटा लिहून आणावे. उरलेल्यांनी नाणे न उडवता मनानेच १०० नोंदी रचाव्यात. कागदांवर नावे नकोत. मग प्रत्येक कागदावर सलग एकच बाजू जास्तीत जास्त किती वेळा आली ते पाहावे. खऱ्या नाण्याच्या १०० नोंदींत सलग पाच किंवा त्याहून अधिक वेळा एकच बाजू येण्याची शक्यता सुमारे ९७ टक्के असते. मनाने लिहिणाऱ्याला सलग पाच छापे लिहिण्याचा धीर सहसा होत नाही. बहुतेक बनावट कागद शिक्षकांना वेगळे काढता येतील. निसर्गाचे हस्ताक्षर उठवणे किती अवघड असते, हे विद्यार्थ्यांना उपदेशाविना कळेल.

आज प्रयोगवही लिहिणाऱ्यांपैकी काही जण उद्या शोधनिबंध लिहितील, काही जण औषधांच्या चाचण्या घेतील, काही जण पुलाच्या काँक्रीटची ताकद तपासतील. त्यांच्या प्रत्येक आकड्यामागे कोणी परीक्षक उभा राहू शकणार नाही. न जुळणारा आकडा तसाच लिहिण्याची सवय त्यांना लागली असेल, तर त्याची गरजही कमी पडेल. ती सवय लावण्याची पहिली संधी शाळेच्या प्रयोगशाळेत, आपल्या हातात आहे.