मृदू ऊतक अर्बुदे

मृदू ऊतक अर्बुदे : स्नायू, चरबी, तंतुमय ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह), रक्तवाहिन्या, तंत्रिकांची आवरणे इ. भागांत कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे होणाऱ्या गाठी. यांतील बहुसंख्य गाठी, उदा., चरबीची गाठ (वसार्बुद), निरुपद्रवी असतात. मारक गाठींना सार्कोमा किंवा मांसार्बुद म्हणतात. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत त्यांचे प्रमाण सु. १% असून त्यांचे पन्नासांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत.

प्रसार : सर्व प्रकारांची पसरण्याची क्षमता सारखी नसते. डेस्मॉइड अर्बुद सभोवतालच्या स्नायूंत शिरते व काढल्यावरही पुन्हा उद्‌भवू शकते. परंतु दूरच्या अवयवांत जात नाही. याउलट उच्च श्रेणीच्या मांसार्बुदातील कोशिका नीलांमध्ये शिरतात. हातापायांकडून परतणारे रक्त हृदयातून प्रथम फुप्फुसांत जात असल्याने दुय्यम गाठी बहुधा तेथेच आढळतात. लसीका ग्रंथींत प्रसार विरळा; रेखित स्नायूंचे मांसार्बुद व एपिथेलिऑइड सार्कोमा हे त्यास अपवाद होत. ॲल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा हा दुर्मिळ प्रकार अतिशय मंद वाढतो, तरीही फुप्फुसांत व मेंदूत पोहोचतो. यावरून गाठ सावकाश वाढते म्हणून ती निर्धोक मानणे चुकीचे ठरते. कोशिकांचे मूळ ऊतकाशी साम्य, त्यांच्या विभाजनाचा वेग व गाठीतील मृत भाग यांवरून तीन श्रेणी ठरवितात.

निदान व चिकित्सा : ही गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. ५ सेंमी.पेक्षा मोठी, खोलवर असलेली वा वाढत जाणारी गाठ संशयास्पद मानावी. ती चरबीची गाठ समजून घाईने काढल्यास कोशिका जखमेत मागे राहतात व पुढील शस्त्रक्रिया अधिक मोठी करावी लागते. म्हणून प्रथम एमआरआय, नंतर सुईने जीवोतक परीक्षा (ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाने तपासणे) व फुप्फुसांची तपासणी हा क्रम योग्य होय. पूर्वी अवयवच्छेदन हा नेहमीचा उपाय होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील ४३ रुग्णांवरील चाचणीत (१९८२) अवयव राखून केलेली शस्त्रक्रिया व किरणोपचार यांनी रुग्णाच्या आयुर्मर्यादेत उणेपणा येत नसल्याचे दिसून आले.

महाराष्ट्रात परळ (मुंबई) येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिवैज्ञानिक व. रा. खानोलकर यांनी सांभाळली. मुरबाड तालुक्यातील म्हसा किंवा शहापूरकडील खेड्यांतून परळ गाठणे म्हणजे मजुरी बुडवून केलेला प्रवास होय. दुखत नसलेल्या गाठीसाठी तो सहजच लांबणीवर पडतो. अशा वेळी गाठ प्रथम पाहणाऱ्या स्थानिक वैद्याने ती स्वतः न कापता रुग्णास वेळीच तज्ञाकडे पाठविणे, हाच उपचाराचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा ठरतो.