काचेवर उमटणारी चांदी

युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांमधला पिवळा रंग पुष्कळदा चांदीचा असतो. चौदाव्या शतकापासून तिथले कारागीर चांदीच्या क्षाराचा लेप काचेला लावून ती भट्टीत भाजत. चांदी काचेत शिरे, तिचे अतिसूक्ष्म कण बनत. हे कण प्रकाशातला निळा-जांभळा भाग अडवतात, म्हणून काच पिवळी दिसते.

आता भट्टीच्या जोडीला वीज आली आहे. खिडकीच्या साध्या काचेत सोडियम भरपूर असतो. चांदीचा क्षार मिसळलेल्या, वितळलेल्या नायट्रेटमध्ये ती बुडवली की सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी चांदीचे आयन बसतात. मग काच दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये ठेवून दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवतात आणि काही शे व्होल्टचा दाब देतात. एरवी काचेतून वीज वाहत नाही, पण एवढ्या उष्णतेत आतले आयन सरकू लागतात. धन इलेक्ट्रोड जिथे टेकलेला असतो, तिथली चांदी खोल ढकलली जाते.

गंमत पुढेच आहे. त्या इलेक्ट्रोडवर आधीच बारीक खाचा कोरलेल्या असतात. खाचेखाली काचेला इलेक्ट्रोड टेकत नाही, म्हणून तिथली चांदी पृष्ठभागाजवळच राहते. काच हायड्रोजनमध्ये पुन्हा तापवली की त्या आयनांचे अणू होतात, ते वर येतात आणि त्यांची नॅनोमीटरच्या मापातली बेटे जमतात, फक्त खाचांच्या नक्षीत. आपल्या रांगोळीच्या छापासारखेच! छाप तोच, काचा कितीही.

हा खटाटोप कशासाठी? सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवले, की पदार्थावरून विखुरणाऱ्या प्रकाशाच्या थोड्या भागाचा रंग बदलतो आणि त्यावरून पदार्थ ओळखता येतो. पण हा भाग फारच क्षीण, साधारण कोटीत एक. १९७४ मध्ये साउथॅम्प्टनला खडबडीत चांदीवर तो संकेत अनपेक्षितपणे जोरदार आढळला. चांदीची बेटे तेच काम करतात. कीटकनाशकाचा पुसटसा अंशही अशा पट्टीवर ओळखता येऊ शकतो.

एक अडचण मात्र घरोघरची आहे. देवघरातली चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, तशी ही बेटेही. भांडे घासता येते. बेटे घासली तर निघूनच जातील. म्हणून मला वाटते, हायड्रोजनची शेवटची पायरी वापराच्या आदल्या दिवसापर्यंत राखून ठेवावी. तोवर चांदी काचेच्या आत सुरक्षित असते.