नळीत उरलेली हवा

क्ष-किरणांच्या पहिल्या नळ्या पोकळ होत्या, पण रिकाम्या नव्हत्या. पंपाने हवा ओढून घेतल्यावर आत जी कणभर हवा मागे राही, तिच्याच जोरावर त्या चालत. तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा लाखांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असे. ती थोडी जास्त राहिली तर नळीत नुसताच रंगीत उजेड पडे, थोडी कमी झाली तर नळीतून वीजच जाईना. या दोन टोकांमधल्या अरुंद पट्ट्यात नळीला धरून ठेवण्यासाठी १८९५ पासून १९१३ पर्यंत काच फुंकणारे कारागीर, भौतिकशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि उपकरणे बनवणारे कारखानदार झटत होते. त्यांच्या खटपटीतून यंत्ररचनेचा एक धडा मिळतो. दोन कामे एकाच गोष्टीवर सोपवली, की एक सुधारायला जावे आणि दुसरे बिघडावे असे होत राहते. मग कितीही झडपा आणि नियामक जोडा, दुखणे हटत नाही. ती दोन कामेच एकमेकांपासून सोडवावी लागतात. वायूच्या नळीची गोष्ट ही मुळात या सोडवणुकीची गोष्ट आहे.

विरळ वायूतून वीज सोडण्याचा खेळ राँटगेनच्या शोधापेक्षा बराच जुना. बॉनचा काचकारागीर हाइनरिश गाइस्लर याने १८५७ च्या सुमारास पाऱ्याच्या पंपाने हवा काढलेल्या, आतून झगमगणाऱ्या नळ्या बनवल्या. पुढे पंप सुधारले, हवा आणखी विरळ झाली, तेव्हा आतला उजेड ओसरला आणि विजेच्या ऋण टोकासमोरची, म्हणजे ऋणाग्रासमोरची काच हिरवट चमकू लागली. ऋणाग्रातून निघून सरळ रेषेत धावणाऱ्या या किरणांचा अभ्यास जर्मनीत हिटॉर्फने आणि इंग्लंडमध्ये क्रुक्सने केला. वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेनने अशीच एक नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकून चालवली, तेव्हा दूर ठेवलेला बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा उजळला. पुठ्ठा भेदून जाणारे हे किरण कसले ते कळेना, म्हणून त्याने त्यांना बीजगणितातल्या अज्ञात राशीचे नाव दिले. मराठी बीजगणितात त्या राशीला आपण ‘क्ष’ म्हणतो, त्यामुळे किरणही क्ष-किरण झाले. थोडक्यात, ज्या नळीतून हा शोध लागला ती क्ष-किरणांसाठी घडवलेलीच नव्हती, आणि पुढच्या साऱ्या अडचणी या उसनवारीतून आल्या.

नळीच्या आत काय घडते ते पाहू. तिच्या दोन टोकांना इंडक्शन कॉइलमधून हजारो व्होल्टचा विद्युतदाब दिला, की वायूचे काही रेणू विद्युतभारित होतात, म्हणजे त्यांचे आयन बनतात. त्यांतले धन आयन ऋणाग्राकडे खेचले जाऊन त्यावर आदळतात आणि धातूतून इलेक्ट्रॉन उडवतात. हे इलेक्ट्रॉन उलट दिशेने पळतात आणि समोर काच किंवा धातू आला की एकदम थांबतात. त्या थांबण्यातून क्ष-किरण निघतात. इलेक्ट्रॉन जितक्या वेगाने आदळेल तितके किरण भेदक. आता हवेचे गणित मांडून पाहा. साध्या हवेत रेणू मिलिमीटरच्या दहा हजारांशाहूनही कमी अंतर चालतो आणि दुसऱ्यावर आपटतो. दाब वातावरणाच्या दहा लाखांशावर आणला, की हेच अंतर सात सेंटिमीटरच्या घरात जाते आणि इलेक्ट्रॉनला तर त्याहूनही मोकळी वाट मिळते. वाट मोकळी हवी म्हणून हवा काढायची आणि ऋणाग्रावर आदळायला आयन हवेत म्हणून ती थोडी ठेवायची, असा हा पेच. इलेक्ट्रॉन किती निघणार हे उरलेल्या हवेवर अवलंबून, आणि नळी किती विद्युतदाबाला चालणार, म्हणजेच इलेक्ट्रॉन किती वेगाने धावणार, हेही त्याच हवेवर. दोन कामे आणि मालक एकच, ते हे असे.

पहिली मोठी सुधारणा मात्र हवेला हात न लावता झाली. सुरुवातीच्या नळ्यांत इलेक्ट्रॉन समोरच्या काचेवर पसरून पडत, त्यामुळे काचेचा मोठा भाग किरण फेकू लागे. रुंद खिडकीतून येणाऱ्या उजेडात सावली जशी कडांना पुसट होते, तशी हाडांची छायाही पुसट येई. शिवाय काच तापून तडकण्याची भीती होतीच. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील हर्बर्ट जॅक्सनने १८९६ मध्ये ऋणाग्र वाटीसारखे अंतर्वक्र केले आणि त्यातून निघणारे किरण एका बिंदूपाशी गोळा होतील तिथे प्लॅटिनमची पट्टी तिरपी बसवली. अंतर्वक्र ऋणाग्राने किरण एकवटून प्लॅटिनम तापवण्याचा प्रयोग क्रुक्सने आधीच करून दाखवला होता. जॅक्सनने तो क्ष-किरणांच्या कामाला लावला. क्ष-किरण आता जवळजवळ एका ठिपक्यातून निघू लागले आणि छायाचित्रांच्या कडा स्पष्ट झाल्या. ऋणाग्रासाठी ॲल्युमिनियम वापरायची पद्धत रूढ झाली, कारण आयनांच्या माऱ्याने त्याचे कण इतर धातूंच्या मानाने फार कमी उडतात. प्लॅटिनमच्या निवडीलाही कारण होते. ज्याचा अणू जड, तो धातू क्ष-किरण अधिक देतो, आणि प्लॅटिनमचा अणुक्रमांक ७८ आहे.

पण एक गोष्ट सोडवली की दुसरी अडे. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेपैकी जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग क्ष-किरणांत जातो. उरलेली सगळी उष्णता होऊन त्या ठिपक्यावर बसते. छाया रेखीव हवी तर ठिपका लहान हवा, आणि ठिपका लहान केला तर धातू वितळतो. प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून पट्टीमागे तांब्याचा जाड ठोकळा बसवून उष्णता पसरवणे, पट्टीच्या पाठीशी पाणी खेळवणे असे उपाय निघाले. हे उपाय चांगले होते, पण तापलेला धातू आणखी एक खोडी करी. धातूच्या पोटात वायू दडलेला असतो आणि तापल्यावर तो बाहेर पडतो. म्हणजे नळी जोरात चालवली की पट्टी तापे, वायू सुटे, प्रवाह वाढे, पट्टी आणखी तापे आणि बघता बघता किरणांची भेदकता पार ढासळे.

उलट दिशेचे दुष्टचक्र याहून चिवट होते. नळी बेताने वापरली तरी तिच्यातली हवा हळूहळू नाहीशी होई. वेगाने आदळणारे आयन काचेत आणि धातूत रुतून बसत आणि ऋणाग्रावरून उडालेल्या धातूचा काळपट थर काचेवर चढताना आणखी वायू गाडून टाकी. हवा कमी झाली की नळीला अधिक विद्युतदाब लागे आणि किरण अधिक भेदक होत. अशा नळीला ‘कडक’ म्हणत, तर नव्या, भरपूर वायूच्या नळीला ‘मऊ’. मऊ नळीचे किरण हाताच्या बोटांना पुरत, पण कमरेच्या हाडापर्यंत पोहोचत नसत. कडक नळीच्या किरणांना मांस आणि हाड सारखेच पारदर्शक वाटे, त्यामुळे चित्र फिके येई. आणि शेवटी एक दिवस असा येई, की वीज नळीतून जाण्याऐवजी बाहेरच्या हवेतून ठिणगी होऊन उडी मारी. कामानुसार वेगवेगळ्या कडकपणाच्या नळ्या हाताशी ठेवायच्या आणि त्या वयानुसार एका कामातून दुसऱ्या कामाकडे सरकवायच्या, हा त्या काळच्या क्ष-किरण विभागाचा शिरस्ता होता.

कडक झालेली नळी मऊ करण्याचा साधा उपाय म्हणजे स्पिरिटच्या दिव्यावर काच शेकणे. काचेला चिकटलेला थोडा वायू त्यामुळे सुटे. त्याहून चांगला उपाय फ्रान्सच्या पॉल व्हिलारचा. त्याने पॅलेडियमची बारीक, टोकाशी बंद नळी मुख्य नळीच्या बाजूला जोडली. तापलेल्या पॅलेडियममधून हायड्रोजन पाझरतो, इतर वायू पाझरत नाहीत. ज्योत लावली की ज्योतीतला हायड्रोजन आत शिरे. सर्वांत चतुर युक्ती फिलाडेल्फियातील लायमन सायेनची. बाजूच्या लहान फुग्यात तापल्यावर वायू सोडणारे रसायन ठेवायचे आणि मुख्य नळीला समांतर असा ठिणगीचा आडमार्ग तिकडे न्यायचा. नळी कडक झाली की वीज आपोआप आडमार्गाने जाई, रसायन तापे, वायू सुटे, नळी मऊ होई आणि आडमार्ग बंद पडे. १८९७ साली पेटंट मिळालेली ही रचना खरोखर देखणी आहे. यंत्र आपली चूक ओळखते आणि आपणच दुरुस्त करते. तरीही तिने मूळ गाठ सोडवली नाही. हवेचे प्रमाण ठराविक ठेवण्याची सोय झाली, पण प्रवाह आणि भेदकता त्या एकाच प्रमाणाला बांधलेली राहिली. भेदकता तीच ठेवून किरण दुप्पट करायचे म्हटले, तर त्यासाठी स्वतंत्र खुंटी या यंत्रात नव्हतीच.

या गाठीची किंमत माणसांनी चुकवली. नळी आज किती कडक आहे हे कळायला कित्येक डॉक्टर आणि तंत्रज्ञ चमकत्या पडद्यासमोर स्वतःचाच हात धरून हाडांची छाया पाहत. रोज, दिवसातून अनेक वेळा. त्या हातांवर आधी भाजल्यासारख्या जखमा झाल्या आणि पुढे कर्करोग. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये अशाच आजाराने गेला; त्याची अवस्था पाहून एडिसनने क्ष-किरणांचे काम सोडून दिले होते. किरणांच्या धोक्याचे अज्ञान हे याचे मोठे कारण होतेच. पण नळीचा लहरीपणा नसता, तर तिची नाडी पाहायला माणसाचा हात रोज पुढे करावा लागला नसता. रचनेतला दोष वापरणाऱ्याच्या अंगावर उतरतो तो असा.

गाठ सोडवली अमेरिकेत, स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिजने, १९१३ साली. इलेक्ट्रॉन मिळवण्यासाठी त्याने हवा वापरलीच नाही. टंगस्टनची तार तापवली की तिच्यातून आपोआप इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. मग नळीतली हवा पंपाला शक्य तितकी सगळी काढून टाकता येते. तार थंड असेल तर मोठा विद्युतदाब देऊनही नळीतून वीज जात नाही. तार किती तापवायची यावर इलेक्ट्रॉनांची संख्या ठरते आणि टोकांना दिलेल्या विद्युतदाबावर त्यांचा वेग. दोन कामांना दोन खुंट्या मिळाल्या, आणि नळी काल जशी वागली तशीच आज वागू लागली.

यावर कोणी म्हणेल, तापलेल्या तारेचा गुण एडिसनला १८८० च्या दशकातच दिसला होता. मग अठरा वर्षे वायूशी झुंजत बसणे हा वेळेचा अपव्यय नव्हे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९०५ मध्ये जर्मनीत वेनेल्टने तापलेल्या ऋणाग्रातून क्ष-किरण काढून दाखवले, पण ते दुबळे होते. नळीत थोडीही हवा उरली तर मोठ्या विद्युतदाबाखाली तिचे आयन तापलेल्या तारेवर तुटून पडतात. त्यामुळे आधी पंप सुधारायला हवे होते. ठिसूळ टंगस्टनची तार ओढता येईना, ती रीत कूलिजनेच विजेच्या दिव्यांसाठी १९१० पर्यंत शोधून काढली. पूर्ण निर्वातातही तार इलेक्ट्रॉन देतच राहते, ही खात्री त्याचा सहकारी अर्व्हिंग लँगम्यूर याच्या कामातून आली. शिवाय कूलिजच्या नळीतील एका ठिकाणी गोळा होणारे किरण, तिरपा आघातबिंदू, जड अणूच्या धातूची निवड आणि उष्णता वाहून नेण्याची व्यवस्था हे सारे वायूच्या नळीकडून आलेले धन आहे. सुधारणा वाया गेल्या नाहीत; कोणती अडचण सुधारणेने सुटणार नाही, हेही त्यांनीच दाखवून दिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. वायूची नळी इतकी सदोष होती, तर तिने इतके मोठे शोध कसे लावले? १९१२ मध्ये म्युनिकला फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी लाउएच्या कल्पनेवरून स्फटिकातून क्ष-किरणांचे ठिपके मिळवले, ते वायूच्या नळीनेच. मोझलीने १९१३-१४ मध्ये नळीच्या आत रुळांवर छोटी गाडी ठेवून वेगवेगळी मूलद्रव्ये एकामागून एक इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यासमोर आणली आणि अणुक्रमांकाला भक्कम पाया दिला. कूलिजची नळी आल्यावरही स्फटिकांच्या प्रयोगशाळांत वायूच्या नळ्या बरीच वर्षे टिकल्या. तापलेल्या टंगस्टनचा अंश लक्ष्यावर, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळतात त्या धातूवर, बसून मोजमापात भेसळ होई, तो दोष त्यांत नव्हता, आणि उघडून लक्ष्य बदलता येई. पण त्या नळ्या कशा चालत ते पाहा. पंप सतत जोडलेला आणि हवा आत सोडायला बारीक, हाताने फिरवायची झडप. हवेचे प्रमाण नळीच्या मर्जीवर न ठेवता बाहेरून धरलेले असे, आणि ते धरायला शेजारी जाणकार माणूस उभा असे. प्रयोगशाळेला हे परवडते. दवाखान्यात, जिथे रोज नवे रुग्ण आणि नवे हात, तिथे परवडत नाही. म्हणून हा आक्षेप मूळ मुद्द्याला बळच देतो.

आज क्ष-किरण कक्षातला तंत्रज्ञ छातीचा फोटो काढण्याआधी दोन आकडे लावतो, एक किलोव्होल्टचा आणि एक मिलिअँपिअरचा. पहिला किरणांची भेदकता ठरवतो, दुसरा त्यांचे प्रमाण. रुग्ण जाडजूड असेल तर तो पहिला आकडा वाढवतो, आणि त्यामुळे दुसरा आपोआप बिघडत नाही. हा आकडा खरा की खोटा हे पाहायला त्याला स्वतःचा हात किरणांसमोर धरावा लागत नाही.