भिंतीवरची गोधडी

पावसाळ्यात गुंजवण्याहून राजगडाची वाट चढताना मागे वळून पाहिले की बांधांनी जोडलेली भातखाचरे अंथरलेल्या गोधडीसारखी दिसतात. मगधातील अशीच बांधबंदिस्त शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदास त्या धर्तीवर चीवर करण्यास सुचविले, अशी नोंद विनयपिटकातील महावग्गात आहे. भिक्खूंचे चीवर आजही तुकडे जोडूनच शिवले जाते.

आपल्या घरांत मात्र ठिगळ ही हीनतेची खूण मानली गेली. मनुस्मृतीने चांडाळांस मृतांची वस्त्रे नेमून दिली होती. भिक्खूही स्मशानातील चिंध्यांचे पांसुकूल चीवर वापरीत, परंतु स्वेच्छेने. लादलेली चिंधी अपमान असते. स्वीकारलेली चिंधी शील ठरते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच दिवसांत तेथे बाबासाहेबांनी स्त्रियांना, ज्यावरून जात ओळखली जाते ती लुगडे नेसण्याची रीत सोडण्यास सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लोक शुभ्र वस्त्रांत दीक्षेस उभे राहिले.

आपल्या अनेक घरांत पूर्वजांची लिखित कागदपत्रे फारशी नाहीत. ट्रंकेच्या तळाशी लुगडी, धोतरे, सदरे मात्र आहेत. इतिहासाच्या अभ्यासकास तीही साधनेच होत. ती जपण्याचा एक मार्ग म्हणजे भिंतीवर लावण्याची गोधडी.

प्रथम कापड रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवावे. लुगड्याचा मधला भाग लवकर विरतो. म्हणून तुकडे काठ-पदराजवळून घ्यावेत. विरलेल्या तुकड्याखाली मलमलीचे अस्तर द्यावे. सहा इंचांचे चौकोन कापताना चारी बाजूंनी अर्धा इंच शिलाईसाठी सोडावा. तुकडे जोडून खाली जुने धोतर वा मांजरपाट घालावा आणि कडेपासून आत धावदोरा घालीत जावे. खिळे ठोकू नयेत. मागे वरच्या कडेला कापडी नळी शिवून तीत बांबूची काठी ओवावी, म्हणजे भार सर्वत्र सारखा पडतो. आपल्या खोऱ्यातील पावसात भिंती ओलावतात. म्हणून गोधडी भिंतीपासून थोडी सुटी ठेवावी, उन्हापासूनही जपावी.

दीक्षेच्या वेळचे वस्त्र घरात असल्यास त्यास कात्री लावू नये. ते अखंडच ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे काम शेवटचे. प्रत्येक तुकडा कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, हे मागील पट्टीवर दोऱ्याने लिहावे. यासाठी माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी येत्या सुट्टीत घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांजवळ बसून विचारावे. ते सांगणारी माणसे आज आहेत. नाव न लिहिलेले कापड तिसऱ्या पिढीत पुन्हा चिंधीच होते.